सव्वा लाखात एक

चौदा वर्षं मी चारचाकी गाड्यांच्या ब्रेकच्या फायली केल्या. चाकणला कारखाना, चाचण्यांसाठी वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या फेऱ्या, आणि टेबलावर आयएस ११८५२ या ब्रेकच्या भारतीय मानकाची पानं सुटी झालेली प्रत. इतक्या वेगाला इतक्या मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे. थांबली तर पास, नाही तर दुरुस्त करून परत या. २०२४ च्या पावसाळ्यात मी ते काम सोडलं आणि बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत गेले. ही मंडळी सोळा किलोचा उपग्रह बनवत होती आणि त्यांना सुरक्षेची नि परवानगीची बाजू सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. उपग्रहातलं मला काही येत नाही, हे मी मुलाखतीतच सांगितलं. "फायलीत पोकळ लिहिलेलं तुम्हाला ओळखता येतं ना? मग बाकीचं आम्ही शिकवू," आमचे संस्थापक म्हणाले.

पहिल्याच दिवशी मी नियमांचं पुस्तक मागितलं. हातात आली ती एनजीपी, म्हणजे इन-स्पेसने मे २०२४ मध्ये काढलेले निकष, मार्गदर्शक तत्त्वं आणि कार्यपद्धती. इन-स्पेस ही केंद्र सरकारची संस्था २०२० मध्ये जाहीर झाली. तिचं मुख्यालय अहमदाबादला बोपलमध्ये आहे. खासगी कंपनीला उपग्रह सोडायचा असो की रॉकेट, परवानगी तिथूनच घ्यावी लागते. दोन रात्रींत मी सगळं वाचून काढलं. परवानगी कशाकशाला लागते, अर्ज कुणी करायचा, हे सगळं त्यात होतं. मी शोधत होते ते मात्र नव्हतं. टाकीचा पत्रा किती मिलिमीटरचा असावा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

का नाही, हे उमजायला मला महिना लागला. एका मॉडेलच्या गाड्या लाखांनी बनतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आकडा बांधून देता येतो. अवकाशात जाणारं प्रत्येक यान जवळजवळ पहिलंच असतं. आज पत्र्याची जाडी नियमात लिहिली तर उद्याच्या रचनेला तो नियम लागूच पडणार नाही. म्हणून या क्षेत्रात जगभर उलटी रीत रुळली आहे. ज्यांचा या उद्योगाशी काही संबंध नाही अशा माणसांना जास्तीत जास्त किती धोका चालेल ते ठरवून द्यायचं, आणि आपण त्याच्या आत आहोत हे कंपनीनं सिद्ध करायचं. अमेरिकेत खासगी उड्डाणांचा कायदा १९८४ चा. तिथे २०२१ पासून लागू झालेल्या पार्ट ४५० या नियमावलीत एका उड्डाणामागे सर्वसामान्य लोकांपैकी कुणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा जास्त नसावी, असं आहे. आयुष्य संपलेला उपग्रह वातावरणात शिरून खाली येतो तेव्हाही तिकडे आणि युरोपात हाच आकडा धरतात. आम्हीही तोच धरला.

यात सरकारचं काय, असं मला कंपनीतल्या पोरांनी बऱ्याचदा विचारलं. उपग्रह आमचा, पैसा आमचा, मग इतके कागद कशाला? १९६७ च्या अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार देशातल्या खासगी कंपनीनं अवकाशात काहीही केलं तरी आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाची. परवानगी देणं आणि नंतर सतत लक्ष ठेवणं हेही देशाचंच काम. १९७२ च्या नुकसानभरपाई करारात तर जमिनीवर झालेल्या नुकसानीसाठी चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. ज्या देशानं सोडलं त्यानं भरून द्यायचं. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह उत्तर कॅनडात कोसळला. १९८१ मध्ये त्यापोटी तीस लाख कॅनेडियन डॉलर द्यायचं ठरलं. आमच्या बाणेरच्या एकोणीस माणसांच्या चुकीची भरपाई भारत देणार, हे एकदा नीट डोक्यात शिरलं की फायलीतला प्रत्येक रकाना वेगळा दिसायला लागतो.

आता त्या टाकीकडे येते.

आमच्या उपग्रहात एक छोटं थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारं इंजिन, होतं. काम संपलं की कक्षा खाली आणायची आणि वातावरणात जळून जायचं, यासाठी ते. पूर्वी निकामी उपग्रह २५ वर्षांत खाली आला तरी चालायचं. अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेनं २०२२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आणली, आणि इस्रोनंही २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं जाहीर केलं. आम्हाला त्याच रस्त्यानं जायचं होतं. या थ्रस्टरच्या इंधनासाठी परदेशातून टायटॅनियमची गोल टाकी मागवली होती. व्यास बारा सेंटिमीटर, वजन पाचशे ग्रॅम, सोललेल्या नारळाहून थोडी मोठी. तिच्यासारख्या टाक्या अवकाशात बऱ्याच वेळा गेलेल्या. मी रुजू झाले तेव्हा ती काळ्या फोमच्या पेटीत येऊन पडलेली होती आणि पैसेही देऊन झाले होते.

पुनर्प्रवेशाचं पान भरताना सॉफ्टवेअरनं सांगितलं की बाकी उपग्रह ऐंशीएक किलोमीटरच्या आसपास फुटेल आणि जळून जाईल. टाकी मात्र जमिनीपर्यंत येईल. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियम १६६८ ला. आकाश साफ ठेवायला जे बसवलं तेच खाली कुणाच्या तरी अंगणात येणार होतं.

मला सॉफ्टवेअरच्या उत्तरावर सही करायची सवय नाही. यांत्रिकी बघणारी आमच्याकडची मुलगी आणि मी, आम्ही दोघी फळ्यासमोर उभ्या राहिलो. पाचशे ग्रॅमचा, बारा सेंटिमीटरचा गोळा हवेतून पडताना शेवटी किती वेगाला स्थिरावेल? सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. जलदगती गोलंदाजाच्या चेंडूचा वेग, पण वजन चेंडूच्या तिप्पट आणि अंग धातूचं. ऊर्जा साधारण ३८० ज्यूल. १५ ज्यूलच्या वर ज्याची धडक जाते तो तुकडा इजा करू शकतो, असं नासाचं मानक धरतं. दीड लिटर पाण्याची बाटली मीटरभर उंचीवरून पायावर पडली तर जेवढं, तेवढे ते १५ ज्यूल. आमची टाकी त्याच्या पंचवीसपट.

मग शक्यता. उभ्या माणसानं व्यापलेली जागा ०.३६ चौरस मीटर धरतात. त्यात टाकीचा आकार मिळवला की सुमारे अर्धा चौरस मीटर होतो. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर, माणसं ८०० कोटी, म्हणजे चौरस किलोमीटरला सोळा. गुणाकार केला की उत्तर येतं सव्वा लाखात एक. कक्षा किती कललेली आहे त्याप्रमाणे नेमका आकडा थोडा हलतो, पण सॉफ्टवेअरही त्याच घरात होतं. मर्यादा दहा हजारांत एक. आम्ही तिच्या बारा पट आत.

"झालं तर मग," संस्थापक म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. ब्रेकच्या फायलीत मीही हेच म्हटलं असतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण लाडबोरी.

माझा मावसभाऊ चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला असतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आठच्या सुमाराला त्याचा फोन आला. "ताई, आकाशातून आगीचे गोळे जाऊन राहिले, रांगेनं, बघ बाहेर." पुण्यात गच्चीवर गेले तर मला काही दिसलं नाही. तासाभरानं पुन्हा फोन. "लाडबोरीत लोखंडाची भलीमोठी रिंग पडली म्हणते. गावातच." दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः जाऊन पाहिलं. माणूस आडवा झोपला तरी आत मावेल एवढं धातूचं कडं, आणि आसपासच्या भागात सापडलेले दोरा गुंडाळल्यासारखे गोळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष, असं नंतर अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला काही लागलं नाही. पण तेव्हा भावानं मला एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या मनात रुतून बसली. तिथल्या एका माणसानं विचारलं होतं, "हे कोणाचं आहे, हे आम्ही कोणाला विचाराचं?"

ते गोळे म्हणजे दाबाच्या टाक्या होत्या. सगळं जळालं आणि टाक्या खाली आल्या.

सकाळी ऑफिसला जाऊन मी कंपनीचा पुढच्या सहा वर्षांचा आराखडा काढला. त्यात २४ उपग्रह होते, सगळे एकाच रचनेचे, प्रत्येकात तीच टाकी. सव्वा लाखात एक गुणिले चोवीस. उत्तर पाच हजार दोनशेत एक. म्हणजे एकेकटा उपग्रह मर्यादेच्या बराच आत, आणि सगळे मिळून दुपटीनं बाहेर. फाईल एका उपग्रहाची असते, त्यामुळे हा आकडा कुठल्याच फायलीत येणार नाही. अर्जाच्या कुठल्याही रकान्यात तो मला कुणी विचारलेला नव्हता. पण खाली राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून तर चोवीसही जाणार.

हे मी बैठकीत मांडलं आणि वरच जळून जाईल अशी अ‍ॅल्युमिनियमची टाकी सुचवली, तेव्हा खोली गप्प झाली. मग आक्षेप आले आणि ते खरे होते. नवी टाकी म्हणजे चार महिने. ठरलेलं उड्डाण हुकलं तर पुढचं कधी, ठाऊक नाही. अ‍ॅल्युमिनियमची टाकी दोनशे ग्रॅमनं जड होणार, तेवढं इंधन कमी. कुणीतरी म्हणालं, इतक्या लहान वस्तूनं आजवर काय झालंय? मी त्यांना फ्लोरिडातल्या नेपल्सचं सांगितलं. अंतराळ स्थानकावरून टाकलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पॅलेटचा सातशे ग्रॅमचा धातूचा तुकडा ८ मार्च २०२४ ला एका घराचं छप्पर आणि खालची फरशी भेदून गेला. ते सगळं वातावरणात जळून जाईल, अशी नासाची अपेक्षा होती.

आमच्याकडे इस्रोतून निवृत्त झालेले एक सल्लागार आठवड्यातून दोनदा येत. ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर श्रीहरिकोटा काढलं, खाली श्रीलंका काढली आणि पीएसएलव्हीचा मार्ग काढला. ध्रुवीय कक्षेसाठी सरळ दक्षिणेला जायला हवं, पण रॉकेट आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं, कारण टप्पे श्रीलंकेवर पडता कामा नयेत. "या वळशात किती वजन वाया जातं, तुम्हाला कल्पना नाही," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं प्रत्येक उड्डाणात वाया घालवलंय. लहान रॉकेटला ते परवडत नाही, म्हणून आता तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला नवं केंद्र बांधताहेत. तुमचे दोनशे ग्रॅम म्हणजे तुमचा वळसा."

मला हवं ते सगळं मिळालं नाही. ठरलं असं: पहिला उपग्रह टायटॅनियमचीच टाकी घेऊन जाणार, कारण तो मर्यादेत आहे आणि उड्डाण हातचं जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्यापासून पुढे अ‍ॅल्युमिनियम. मी दोन तास भांडले आणि मग मान्य केलं. अट एकच घातली की चोवीसचा आकडा पहिल्या फायलीत लिहायचा, विचारलेला नसला तरी, आणि खाली टाकी बदलण्याची तारीख टाकायची.

टाकी बनवायला भोसरीत गेलो. एमआयडीसीतलं एक जुनं वर्कशॉप, औषध कंपन्यांची भांडी बनवणारं. तिथले फोरमन काका टिग वेल्डिंगमध्ये तीस वर्षं मुरलेले. दोन अर्धगोल हातात घेऊन त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, स्टील असतं तर डोळे मिटून मारला असता. हा जॉब नाजूक आहे. अ‍ॅल्युमिनियम तापलं की रंग बदलत नाही, सांगून वितळत नाही." कामाचा दाब ५० बार. ७५ ला प्रूफ, म्हणजे तेवढा दाब टाकी न बिघडता सोसते का ही चाचणी, घ्यायची, आणि फोडून बघायची टाकी १०० च्या आत फुटता कामा नये.

फोडण्याची चाचणी पाण्यानं करतात. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि टाकी फुटली की बॉम्ब होतो. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे फुटतानाच दाब उतरतो. तरीही टाकी जाड लोखंडी पेटीत ठेवली होती, आणि आम्ही भिंतीआड उभे राहून कॅमेऱ्यातून बघत होतो. हातपंप मारणारा मुलगा दर पाच बारला मोठ्यानं आकडा सांगत होता. साठ. पासष्ट. सत्तर. काटा ८३ वर असताना आतून नारळ फोडल्यासारखा आवाज आला आणि काटा शून्यावर पडला.

पेटी उघडली. टाकी जोडावरच उकलली होती, बोटभर लांब फट, कडा चकचकीत. काकांनी बॅटरीचा उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. फटीच्या आतल्या काठावर टाचणीच्या टोकाएवढी काळी भोकं होती, पाच-सहा, एका ओळीत. "ओल," ते म्हणाले. "वायर काल रात्री उघडी राहिली. पावसाची हवा बसली तिच्यावर." वायरला बसलेला दमटपणा वेल्डिंगच्या उष्णतेत हायड्रोजन सोडतो आणि तो धातू थिजताना आत अडकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे ते डोळ्यांनी दिसलं. पुढच्या टाक्यांची वायर ओव्हनमध्ये ठेवली, कडा वेल्डिंगच्या तासभर आधी घासल्या आणि प्रत्येक जोडाचा एक्स-रे घेतला. पुढची टाकी १३१ बारला फुटली, आणि फुटली ती जोडावर नाही, पत्र्यात. काकांनी मला त्या दिवशी चहा पाजला.

याच काळात फायलीतली आणखी एक ओळ मी खोडली. धोक्यांच्या तक्त्यात 'चुकीच्या वेळी थ्रस्टर चालू होणे' यासमोर उपाय म्हणून लिहिलं होतं: प्रशिक्षित ऑपरेटर. ब्रेकच्या कामात 'ड्रायव्हर सावध असेल' हे उत्तर कुणी ऐकूनही घेतलं नसतं. ३१ ऑक्टोबर २०१४ ला कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटावर स्पेसशिपटू हे यान हवेत तुटलं. शेपटाची कडी आवाजाच्या १.४ पट वेगाला उघडायची, ती सहवैमानिकानं ०.८ पटीलाच उघडली. त्यात त्याचा जीव गेला. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१५ मध्ये जे लिहिलं ते मी छापून टेबलासमोर लावलं आहे. एका माणसाच्या एका चुकीनं यान जाऊ शकतं, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं नव्हतं, आणि मानवी चुकांचं विश्लेषण करण्याच्या अटीतून परवाना देणाऱ्या खात्यानं सूट दिली होती. त्यामुळे आमच्या तक्त्यात आता माणसाचं नाव नाही. दोन वेगवेगळ्या आज्ञा, मध्ये ठरावीक वेळ, आणि उपग्रहाची दिशा जुळत नसेल तर तो स्वतःच आज्ञा नाकारतो. सॉफ्टवेअरच्या मुलांचे यात तीन आठवडे गेले. त्यांनी तक्रार केली नाही.

मग अर्ज, प्रश्न, उत्तरं, पुन्हा प्रश्न. रेडिओ वारंवारितेची परवानगी वेगळी, तिची गोष्टही वेगळी, ती इथे सांगत नाही. तपासणीच्या बैठकीत शेवटी पान ३१ निघालं, चोवीसचं. समोरच्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, "हे तुम्ही का दिलंय? हे मागितलेलं नाही." मी लाडबोरी सांगितलं. जास्त काही नाही, दोन वाक्यं. त्यांनी चष्मा काढला, पान पुन्हा वाचलं आणि पुढचा प्रश्न टाकी बदलण्याच्या तारखेवर विचारला, की ती पुढे ढकलली गेली तर तुम्ही आम्हाला कळवाल कसं. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. ते लिहून द्यायला आम्हाला आठवडा लागला, आणि फायलीतलं ते सगळ्यात कामाचं पान झालं असं मला वाटतं. परवानगी आली तेव्हा तारीख बदलली तर लेखी कळवण्याची अट तिच्यात होती.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सव्वा लाखात एक म्हणजे आमच्या तालुक्यातून एक जण?" तसं नाही रे, म्हटलं. हीच टाकी सव्वा लाख वेळा पडली तर एखाद्या वेळी कुणाला तरी लागेल, असं ते आहे. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि लागली तर कोणाला विचाराचं, ते लिहिलं का त्याच्यावर?"

टाकीवर लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी यांत्रिकीच्या मुलीला विचारलं. टायटॅनियमवर लेझरनं कोरलेलं टिकेल का? टिकण्याची शक्यता आहे, म्हणाली, अक्षरं खोल घेतली तर, पण पत्र्याला धक्का लागता कामा नये, तेव्हा बुडाच्या जाड भागावर. आता तिथे देशाचं नाव, उपग्रहाचा क्रमांक आणि 'हात लावू नका' एवढं कोरलं आहे, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. सोमवारी ती टाकी क्लीन रूममध्ये जाईल.